मेमेंटो मोरी : डिपेश मोडचा अल्बम आणि त्याची रीमिक्स रूपे

'रीमिक्स' हा शब्द आपल्या घरांत फारशा आदराने उच्चारला जात नाही. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातील लताबाईंनी गायिलेले 'कांटा लगा' २००२ साली नव्या ठोक्यांवर बाजारात आले आणि गल्लोगल्ली वाजले. तेव्हापासून रीमिक्स म्हणजे जुन्या चांगल्या गाण्याची मोडतोड, असे अनेक ज्येष्ठांच्या मनात पक्के बसले आहे. घरातली तरुण मुले मात्र एकाच गाण्याची चार-पाच रूपे शोधून ऐकतात आणि त्यांतले कोणते सरस यावर वाद घालतात. दोघांचेही म्हणणे समजून घेण्यासाठी एखादे चांगले उदाहरण सविस्तर पाहावे, या हेतूने आम्ही हा लेख तयार केला आहे.

उदाहरण आहे इंग्लंडमधील 'डिपेश मोड' या ग्रुपच्या 'मेमेंटो मोरी' या अल्बमचे. तो २४ मार्च २०२३ रोजी प्रकाशित झाला. हा त्यांचा पंधरावा स्टुडिओ अल्बम, आणि केवळ दोघांचा ग्रुप म्हणून केलेला पहिलाच. पुढील काही महिन्यांत त्यातील अनेक गाण्यांची रीमिक्स रूपे निघाली आणि त्यांपैकी एकाला २०२४ चा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. या अल्बममागे एका मित्राच्या मृत्यूची कथा आहे. ती बाजूला ठेवून त्याचे संगीत समजत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ग्रुपची ओळख

लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात बॅसिल्डन नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमधील गर्दी कमी करण्यासाठी सरकारने जी नवी नगरे वसवली, त्यांतले हे एक. याच गावात १९८० साली व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोअर, अँडी फ्लेचर आणि डेव्ह गाहन या चार तरुणांनी हा ग्रुप सुरू केला. गोअर तेव्हा बँकेत आणि फ्लेचर विमा कंपनीत नोकरी करत होते. ग्रुपचे नाव त्यांनी एका फ्रेंच फॅशन मासिकावरून घेतले.

गिटार आणि ड्रमसेट यांच्याऐवजी त्यांनी सिंथेसायझर निवडला. विजेच्या स्पंदनांतून स्वर निर्माण करणारे हे वाद्य. वेगवेगळ्या बटणांनी त्याच्या स्वराचा पोत, धार आणि लांबी बदलता येते. सिंथेसायझरवर बेतलेल्या सुरेल, छोट्या गाण्यांच्या प्रकाराला 'सिंथ-पॉप' म्हणतात. १९८१ मध्ये डॅनियल मिलर यांच्या 'म्यूट रेकॉर्ड्स'ने त्यांचा पहिला अल्बम काढला. त्यानंतर लगेचच क्लार्क बाहेर पडले आणि गीतलेखनाची मुख्य जबाबदारी गोअर यांच्यावर आली. १९८२ मध्ये ॲलन वाइल्डर सामील झाले. ते १९९५ पर्यंत होते.

गोअर यांच्या हाती लेखणी आल्यावर ग्रुपचा रंग पालटला. सुरुवातीची हलकीफुलकी, नाचरी गाणी मागे पडली. संशय, अपराधभाव, श्रद्धा, आसक्ती आणि मरण हे विषय पुढे आले. सूर उदास झाले, लोखंडावर लोखंड आदळल्यासारखे आवाज तालात मिसळले. 'डार्क सिंथ-पॉप' म्हणतात ते हेच. डार्क याचा अर्थ इथे भीतिदायक असा घेऊ नये. दिवेलागणीच्या वेळी मनात येणारी, एरवी कोणाशी न बोलली जाणारी गोष्ट गाण्यात आणणे, असा तो घ्यावा. गोअर लिहितात आणि गाहन त्यांच्या भरदार, खालच्या पट्टीतल्या आवाजात गातात, ही विभागणी चाळीसहून अधिक वर्षे टिकली आहे. काही मोजकी गाणी मात्र गोअर स्वतः गातात.

तिसरा माणूस

आता अँडी फ्लेचर यांच्याविषयी. ते ग्रुपसाठी गाणी लिहीत नसत, मुख्य गायकही नव्हते, आणि वादक म्हणून त्यांचा कोणी फार गौरव केला नाही. १९८९ मध्ये डी. ए. पेनेबेकर यांनी या ग्रुपवर '१०१' हा माहितीपट केला. त्यात फ्लेचर स्वतःच गमतीने सांगतात, की बाकीच्यांची कामे ठरलेली आहेत आणि मी आपला इकडेतिकडे फिरत असतो. प्रत्यक्षात व्यवहार, करार, हिशेब यांकडे त्यांचे लक्ष असे. त्याहून मोठे काम म्हणजे गोअर आणि गाहन यांच्यातला दुवा होणे. गोअर त्यांचे शाळेपासूनचे मित्र. स्वभावाने अबोल असलेले गोअर आणि तापट असलेले गाहन यांचे बोलणे बरेचदा फ्लेचर यांच्या मार्फत होई.

मंडळात काम केलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. रंगमंचावर गाणारे दोघे असतात. त्यांचे नाव पत्रिकेवर ठळक छापले जाते. पण दोघांचे रुसवे काढणारा, सतरंज्या अंथरल्या की नाही ते बघणारा, रात्री शेवटी दिवे मालवून किल्ली खिशात टाकणारा एक तिसरा असतो. तो आहे तोवर त्याचे काम दिसत नाही.

२६ मे २०२२ रोजी फ्लेचर यांचे अचानक निधन झाले. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचे आतले आवरण फाटल्यामुळे मृत्यू आला. वय साठ. अल्बमचे ध्वनिमुद्रण सुरू होण्याच्या बेतात होते आणि ग्रुप चालू ठेवायचा की नाही असा प्रश्न उभा राहिला. गोअर आणि गाहन यांनी काम पुढे न्यायचे ठरवले. मध्ये बोलणारा राहिला नसल्याने आम्हाला थेट एकमेकांशी बोलावे लागले, हे दोघांनीही नंतर मुलाखतींमध्ये मोकळेपणाने सांगितले आहे.

अल्बम : आधी ठरलेले नाव, नंतर आलेला अर्थ

'मेमेंटो मोरी' हे लॅटिन शब्द आहेत. 'तुला मरायचे आहे हे ध्यानात ठेव' असा त्यांचा अर्थ. युरोपातील जुन्या चित्रांत टेबलावर फळांशेजारी कवटी, विझत आलेली मेणबत्ती किंवा वाळूचे घड्याळ दाखवण्याची पद्धत होती, ती याच विचारातून आली. देहाच्या नाशवंतपणाची आठवण देऊन आयुष्य नीट जगायला सांगणे हे आपल्या संतवाङ्मयालाही नवीन नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे नाव फ्लेचर यांच्या मृत्यूनंतर सुचलेले नाही. ते आणि बरीचशी गाणी त्याआधीच तयार होती. गोअर यांनी ती कोरोनाच्या काळात, साठीला पोचताना लिहिली होती. गाहन यांनाही मरणाचा विषय परका नव्हता. १९९६ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे त्यांचे हृदय काही काळ थांबले होते आणि ते त्यातून वाचले. म्हणजे गाणी सर्वसाधारण मरणाविषयी लिहिली गेली आणि ध्वनिमुद्रित होईपर्यंत ती एका विशिष्ट माणसाच्या मरणाविषयी झाली. शब्द तेच राहिले, पण गाणाऱ्याचा गळा आणि ऐकणाऱ्याचा कान बदलला. पुढे रीमिक्सचा विचार करताना ही गोष्ट उपयोगी पडेल.

निर्मितीची धुरा जेम्स फोर्ड यांनी सांभाळली. २०१७ च्या 'स्पिरिट' या आधीच्या अल्बमचेही तेच निर्माते होते. मार्टा सालोन्यी यांनी त्यांना साथ दिली. अल्बमचा बराचसा भाग अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे गोअर यांच्या स्टुडिओत झाला. बारा गाणी, सुमारे पन्नास मिनिटे. मुखपृष्ठावर फुलांनी बनवलेले देवदूताचे दोन पंख आहेत. पाश्चात्त्य अंत्यविधीत वाहिल्या जाणाऱ्या पुष्पचक्रांची आठवण करून देणारे. छायाचित्रकार आणि दिग्दर्शक अँटन कोर्बाइन १९८० च्या दशकापासून या ग्रुपची दृश्य बाजू पाहतात. हे मुखपृष्ठही त्यांचेच.

काही गाण्यांचा परिचय :

'माय कॉसमॉस इज माइन' हे पहिले गाणे. घरघरणाऱ्या, जड स्वरांवर ते सावकाश पुढे सरकते. आपले विश्व आपल्यापुरते जपू पाहणारा माणूस त्यात बोलतो. मधल्या भागात युद्ध, भीती या सगळ्यांना नकार देणारी एक लांबच लांब माळ आहे, ती जपासारखी म्हटली जाते.

'वॅगिंग टंग' हे गोअर आणि गाहन यांनी मिळून लिहिलेले गाणे. त्यांच्या कारकिर्दीत असे क्वचितच घडले आहे. उड्या मारत जाणारी सिंथेसायझरची एक छोटी सुरावट गाणेभर फिरत राहते आणि तिच्यावर मरणाविषयीचे शब्द येतात. चाल हलकी, मजकूर जड.

'घोस्ट्स अगेन' हे सर्वांत आधी, ९ फेब्रुवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झाले. 'सायकेडेलिक फर्स' या ग्रुपचे गायक रिचर्ड बटलर यांच्यासोबत गोअर यांनी या अल्बमसाठी चार गाणी लिहिली, त्यांतले हे एक. चाल इतकी मोकळी आणि गोड आहे की पहिल्यांदा ऐकताना विषय निरोपाचा आहे हे जाणवत नाही. कोर्बाइन यांच्या कृष्णधवल चित्रफितीत गोअर आणि गाहन इमारतीच्या गच्चीवर बुद्धिबळ खेळतात. इंगमार बर्गमन यांच्या १९५७ च्या 'द सेव्हन्थ सील' या स्वीडिश चित्रपटात एक योद्धा मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो, त्याचा हा उघड संदर्भ.

'सोल विथ मी' गोअर यांनी स्वतः गायिले आहे. हे संथ गाणे जगाचा निरोप घेणाऱ्याच्या तोंडी आहे. 'पीपल आर गुड' या गाण्याचे नाव ग्रुपच्या १९८४ मधील 'पीपल आर पीपल'ची आठवण देते. माणसे चांगली असतात असे ते म्हणते खरे, पण म्हणण्याचा सूर स्वतःचीच समजूत घालण्याचा आहे. शेवटचे 'स्पीक टू मी' गाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. एकाकी हाकेने सुरू झालेले हे गाणे हळूहळू गोंगाटात विरघळते.

जर्मनीत हा अल्बम विक्रीत पहिल्या क्रमांकावर, तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचला. त्यानंतरच्या जागतिक दौऱ्यात 'वर्ल्ड इन माय आइज' हे फ्लेचर यांचे आवडते जुने गाणे सुरू झाले, की मागच्या पडद्यावर त्यांचा चेहरा येई. मेक्सिको सिटीत २०२३ मध्ये झालेल्या मैफलींवर फर्नांडो फ्रियास यांनी केलेला 'एम' हा चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. मेक्सिकन संस्कृतीत मृत्यूशी असलेले सलोख्याचे नाते आणि ही गाणी त्यात शेजारी ठेवली आहेत.

रीमिक्स म्हणजे नेमके काय

स्टुडिओत गाणे एका दमात मुद्रित होत नाही. गायकाचा आवाज, प्रत्येक वाद्य, प्रत्येक ठोका वेगळ्या पट्टीवर नोंदला जातो. या पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. सगळ्या पट्ट्या योग्य प्रमाणात एकत्र करणे म्हणजे मिक्सिंग. तबला थोडा खाली, आवाज वर, तानपुरा मागे, असे ध्वनिमुद्रक ठरवतो, तेच हे काम. त्याच पट्ट्या दुसऱ्या कोणाच्या हाती देऊन नव्याने जुळवून घेतल्या की ते 'री-मिक्स'. नवा जुळवणारा काही पट्ट्या काढून टाकतो, काही लांबवतो, स्वतःच्या नव्या पट्ट्या घालतो. पुष्कळदा मूळ आवाजाखेरीज काहीच शिल्लक ठेवत नाही.

या प्रकाराची मुळे दोन ठिकाणी सापडतात. पहिले जमैका. किंग्स्टन शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस रेकॉर्डच्या मागल्या बाजूला त्याच गाण्याचे आवाज वगळलेले 'व्हर्जन' देण्याची चाल पडली. किंग टबी यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी त्यात प्रतिध्वनी आणि मोकळ्या जागा भरून 'डब' हा प्रकार घडवला. दुसरे न्यूयॉर्क. १९७० च्या दशकाच्या मध्यात टॉम मोल्टन यांच्या लक्षात आले, की नाचणाऱ्यांचा रंग भरत असतानाच तीन मिनिटांचे गाणे संपते. त्यांनी गाणी लांबवायला सुरुवात केली. लांब गाण्यासाठी १२ इंची तबकडी सोयीची ठरली, कारण तिच्यावर खाचा ऐसपैस बसतात आणि आवाज भरदार येतो. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स यांनी जुळवलेले 'टेन पर्सेंट' हे दुकानात विक्रीस आलेले पहिले १२ इंची गाणे मानले जाते.

तबकडीच्या लांबीचा आणि गाण्याच्या रूपाचा हा संबंध आपल्यालाही अनोळखी नाही. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. नाट्यगृहात 'वन्स मोअर' घेत, आलाप-तानांनी रंगत जाणारे बालगंधर्वांचे पद त्या रेकॉर्डवर आटोपशीर होऊन येई. पद एक, रूपे दोन. बैठकीत तेच पद तिसऱ्या गवयाने घेतले तर तिसरे रूप. यांतले खरे कोणते, असे आपण विचारत नाही. बंदिश तीच आहे ना आणि ती खुलली का, एवढेच पाहतो.

पेटीवरचे गाणे

डिपेश मोडचा या प्रकाराशी संबंध जुना आहे. १९८१ पासूनच त्यांच्या गाण्यांची १२ इंची रूपे निघू लागली. 'पीपल आर पीपल'चे एक रूप एड्रियन शेरवूड यांनी जमैकन डबच्या अंगाने केले. न्यूयॉर्कच्या क्लबांत घडलेले फ्रान्स्वा केव्होर्कियन यांनी १९९० च्या 'व्हायोलेटर' अल्बमच्या मिक्सिंगचे काम केले. २००४ आणि २०११ मध्ये ग्रुपने आपल्या रीमिक्स रूपांचे मोठे संग्रहच काढले.

पण सगळ्यांत बोलके उदाहरण 'एन्जॉय द सायलेन्स' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाचे. 'व्हायोलेटर'साठी गोअर यांनी ते प्रथम आणले तेव्हा ते अतिशय संथ होते. एक आवाज आणि सोबत हार्मोनियम, आपल्या पेटीच्याच कुळातले वाद्य. वाइल्डर यांना त्या चालीत वेग दिसला. शांततेविषयीच्या गाण्याला नाचरा ठेका देणे गोअर यांना सुरुवातीला पटेना. तरीही प्रयोग झाला, निर्माते फ्लड यांनी साथ दिली, आणि जगाला माहीत असलेले गाणे जन्मले. गोअर यांच्या आवाजातील हार्मोनियमचे रूपही त्याच वर्षी सिंगलच्या एका आवृत्तीत प्रसिद्ध झाले, त्यामुळे आज दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. पुढे २००४ मध्ये 'लिंकिन पार्क'च्या माइक शिनोडा यांनी त्याला गिटारच्या कर्कश लाटांत बसवले.

म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच एका अर्थी पहिले रीमिक्स होते. हार्मोनियमवर ते प्रार्थनेसारखे वाटते, सिंथेसायझरवर ओढीसारखे, गिटारवर संतापासारखे. चाल आणि शब्द तिन्हीकडे तेच आहेत. ज्या गाण्याचा सांगाडा भक्कम असतो, ते असे कपडे बदलून उभे राहू शकते. ज्याचा नसतो, ते पहिल्याच बदलात कोसळते. रीमिक्सची ही एक परीक्षाच म्हणायला हवी, आणि ती मूळ गाण्याची असते.

'मेमेंटो मोरी'ची रीमिक्स रूपे

२०२३ मध्ये 'घोस्ट्स अगेन', 'वॅगिंग टंग', 'माय फेव्हरिट स्ट्रेंजर' आदी गाण्यांच्या रीमिक्स रूपांचे संच निघाले. निरनिराळ्या पिढ्यांतील आणि प्रकारांतील कलाकारांना गाणी देण्यात आली.

'घोस्ट्स अगेन'च्या दोन रूपांची तुलना उद्‌बोधक आहे. लिव्हरपूलच्या मसानो या तरुण डीजेने ते टेक्नो या नृत्यप्रकाराकडे वळवले. दावीदे रॉस्सी हे तंतुवाद्यांचे संयोजक. त्यांनी या गाण्याची केलेली मांडणी त्याच अंगाने जाते. एकीकडे हजारो माणसांची गर्दी, दुसरीकडे शांत सभागृह. निरोपाचे गाणे दोन्हीकडे चालते, कारण निरोप दोन्ही प्रकारे घेतला जातो. कोणी गर्दीत मिसळून दुःख विसरतो, कोणी एकटा बसून ते आठवतो.

'वॅगिंग टंग' हे गाणे 'वेट लेग' या ग्रुपकडे गेले. इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावर रियान टीसडेल आणि हेस्टर चेंबर्स या दोन मैत्रिणींनी २०१९ मध्ये तो सुरू केला. त्यांचे संगीत गिटारचे, स्वभाव खट्याळ. डिपेश मोडच्या गंभीर चेहऱ्याशी त्यांचा वरवर काही मेळ नाही. पण तिसरा गेल्यानंतरच्या अल्बममधले हे गाणे दोन जुन्या मित्रांनी मिळून लिहिलेले आहे आणि ते नव्याने मांडायला मिळाले दोन मैत्रिणींनी सुरू केलेल्या ग्रुपला. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या सोहळ्यात या रूपाला सर्वोत्कृष्ट रीमिक्सचा ग्रॅमी मिळाला.

हा पुरस्कार रीमिक्स करणाऱ्याला दिला जातो, मूळ कलाकाराला नाही. त्यामुळे ग्रॅमीच्या यादीत मानकरी म्हणून नाव वेट लेगचे आहे. अनेक नामांकने मिळूनही तोवर डिपेश मोडला स्वतःला ग्रॅमी मिळालेला नव्हता. १९९८ मध्ये या गटातील पहिला पुरस्कार शिकागोच्या 'हाउस' संगीताचे प्रवर्तक फ्रँकी नकल्स यांना मिळाला होता. म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने जुळवणे ही स्वतंत्र कला आहे, हे तिकडे पाव शतकापूर्वीच मान्य झाले.

फ्लेचर यांचाही या कलेशी संबंध होता. २००२ मध्ये त्यांनी 'टोस्ट हवाई' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली आणि डीजे म्हणून देशोदेशी कार्यक्रम केले. त्यांत ते आपल्याच ग्रुपच्या गाण्यांची रीमिक्स रूपेही वाजवत. स्टुडिओत ज्याच्या वाट्याला गाणे रचणे आले नाही, त्याला लोकांसमोर ती गाणी वेगळ्या रूपात मांडण्याची ही जागा सापडली होती.

संमती

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्येष्ठांची नाराजी चुकीची आहे का? आमच्या मते तिला आधार आहे, फक्त ती नेमक्या जागी ठेवायला हवी.

डिपेश मोडच्या रीमिक्समध्ये गाण्याचा मालक स्वतः पट्ट्या दुसऱ्याच्या हाती देतो. कोणाला द्यायच्या हे तो निवडतो. करणाऱ्याचे नाव गाण्याच्या नावाशेजारी छापले जाते. आपल्याकडे २००० च्या सुमारास जी लाट आली, तिच्यात अनेकदा मूळ मुद्रणातील पट्ट्या नव्हत्याच. दुसऱ्या गायिकेकडून गाणे पुन्हा म्हणवून घेतले जाई आणि संगीतकाराला विचारले जाईलच असे नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील तेव्हाच्या तरतुदीचा आधार घेऊन ठरावीक मानधन भरले की नवे ध्वनिमुद्रण करता येई. २०१२ च्या दुरुस्तीने हे नियम कडक झाले. आता मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असल्याखेरीज मालकाच्या संमतीशिवाय शब्दांत वा संगीतात फेरफार करता येत नाही.

तेव्हा राग यायला हवा तो न विचारता केलेल्या कामाचा. विचारून, नाव देऊन आणि मूळ गाणे समजून घेऊन केलेले रीमिक्स हे गुरूने शिष्याला बंदिश देण्याच्या जवळ जाते. शिष्य ती आपल्या गळ्याने मांडतो. कधी गुरूला आवडते, कधी नाही. पण दिलेली वस्तू चोरलेली नसते.

घरी ऐकताना

ज्यांना हा प्रकार पहिल्यांदाच ऐकायचा आहे त्यांच्यासाठी आम्ही एक क्रम सुचवतो. घरातील तरुण मंडळींना ही गाणी फोनवर लावून देण्यास सांगावे.

१. 'एन्जॉय द सायलेन्स'चे हार्मोनियमवरील रूप. सोबत पेटी आणि आवाज एवढेच असल्याने चाल मनात नीट बसते.

२. त्याच गाण्याचे 'व्हायोलेटर'मधील रूप. चाल ओळखत ओळखत ऐकावे.

३. 'घोस्ट्स अगेन' मूळ रूपात, जमल्यास चित्रफितीसह. त्यानंतर लगेच मसानो आणि रॉस्सी यांची रूपे. गाहन यांचा आवाज कुठे येतो, कुठे थांबवला आहे आणि कोणता तुकडा पुन्हा पुन्हा घेतला आहे, याकडे कान द्यावा. रीमिक्स करणाऱ्याला गाण्यातले काय महत्त्वाचे वाटले ते तिथे कळते.

४. 'वॅगिंग टंग' मूळ आणि वेट लेग यांचे रूप. आपल्याला कोणते अधिक भावले आणि का, यावर घरात बोलावे.

५. शेवटी पूर्ण 'मेमेंटो मोरी' एका बैठकीत, दिवा मंद करून.

ठेका मोठा असल्यास तो सहन करावा लागेल, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवतो. तरुणांना सांगणे एवढेच, की मूळ गाणे पूर्ण ऐकल्याशिवाय रीमिक्सवर मत देऊ नये.

फ्लेचर यांच्या जाण्याने ही गाणी एकदा बदलली, ती कोणाच्याही इच्छेवाचून. नंतर उरलेल्या दोघांनी ती आपणहून इतरांच्या हाती दिली आणि ती पुन्हा बदलली. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांनी घरातली एखादी ओवी, एखादी आरती, एखादे पद असेच बदलताना पाहिले असेल. म्हणणारी आजी गेली, चाल आईकडे आली, आईने थोडी भरभर म्हटली, आणि आता नात ती फोनवर ठेका लावून म्हणते. आजीची चाल माहीत असलेले कोणी घरात असेल, तर ती आजच मुद्रित करून ठेवावी. पुढच्यांनी तिचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे, पण त्यांच्या हाती मूळ तरी असू द्यावे.